फायटर हिरमुसतो तेव्हा: योद्धा आणि जादूगार यांचा तोल सावरण्याच्या सहा पायऱ्या

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवायच्या, फाशांच्या खेळात कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एक कथा) सातव्या-आठव्या लेव्हलला पोचलं की एक चित्र हमखास दिसू लागतं. दरी आडवी आली, विझार्डने (जादूगाराने) फ्लाय हा उडवणारा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकला. पहारेकरी धावून आले, हिप्नॉटिक पॅटर्न. कुलूप लागलं, नॉक. फायटर (योद्धा) खेळणारा मधल्या वेळात फाशांचा मनोरा रचत असतो. त्याची पाळी आली की "मी मारतो" म्हणतो, दोन फासे टाकतो आणि पुन्हा मनोऱ्याकडे वळतो.

अशा वेळी गेम मास्टर (खेळ चालवणारा) दोनपैकी एक उपाय करतो. एक तर विझार्डच्या फायरबॉल या स्पेलचं डॅमेज (शत्रूला होणारी इजा) कापतो, नाहीतर फायटरला झगझगीत तलवार देतो. दोन्ही उपाय मीही करून पाहिले आहेत. पहिल्याने विझार्डवाला नाराज होतो. दुसऱ्याने फायटरचे आकडे वाढतात, पण दरी, कुलूप आणि पहारेकरी विझार्डकडेच राहतात. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे.

खाली दिलेला क्रम महत्त्वाचा आहे. स्पेलला हात लावणं ही त्यातली शेवटची पायरी आहे, आणि माझ्या अनुभवात तिथवर जायची वेळ क्वचित येते. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांचा संबंध येईल तिथे तसं सांगितलं आहे. तुम्ही दुसरी सिस्टिम खेळत असाल तर आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

## १. आधी तीन सेशन नुसती नोंद ठेवा

काहीही बदलू नका. वहीत प्रत्येक अडथळ्यासमोर एक ओळ लिहा: अडथळा काय होता, कोणी सोडवला, कशाच्या जोरावर. माझ्या वहीतलं एक पान असं होतं:

तुटलेला पूल: विझार्ड, फ्लाय.
भिंतीवरचे चार धनुर्धारी: विझार्ड, फायरबॉल.
सरदाराची मनधरणी: विझार्ड, चार्म पर्सन (मोहिनी घालणारा स्पेल).
तळघराचं दार: रोग (कुलपं उघडणारं चोरटं पात्र).
दोन ओगर: फायटर.
रात्रीचा मुक्काम: विझार्ड, टायनी हट (जादूची सुरक्षित झोपडी).

सहापैकी चार विझार्डच्या खात्यात, आणि त्या चारांतली लढाई एकच. फायटरचा वाटा लढाईपुरता, तोही एकाच ठिकाणी. अशी नोंद समोर आली की डॅमेज कापून काही साधणार नाही हे आपोआप कळतं.

डॅमेजचाही हिशेब एकदा मांडून बघा. पाचव्या लेव्हलच्या फायटरकडे ग्रेटसोर्ड आहे आणि स्ट्रेंथ १८. एका वाराचं सरासरी डॅमेज ११ आणि एका पाळीत दोन वार. विझार्डचा फायरबॉल ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), म्हणजे सरासरी २८, आणि तो तीन शत्रूंवर पडला तर ८४. सोयीसाठी फायटरचे सगळे वार लागले, फायरबॉलविरुद्धचे सगळे सेव्ह (त्यातून वाचण्यासाठी टाकायचे फासे) चुकले असं धरू.

दिवसभरात चार राउंडची (एका राउंडला प्रत्येकाची एक पाळी) एकच चकमक झाली, तर ॲक्शन सर्जसकट (जादा कृतीची मुभा) फायटरचे १० वार होतात, म्हणजे ११०. विझार्ड दोन फायरबॉल आणि दोन फायरबोल्ट (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल) टाकून १९० पर्यंत जातो. आता अशाच सहा चकमकी आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराच्या विश्रांती) धरा. ॲक्शन सर्ज तीनदा मिळतो, एकूण ५४ वार, म्हणजे ५९४. फायरबॉलसारख्या मोठ्या स्पेलला स्लॉट, म्हणजे दिवसाच्या साठ्यातला एक वापर, खर्च होतो आणि विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच असतात. आर्केन रिकव्हरीने आणखी एक परत मिळतो. तीन फायरबॉलचे २५२ आणि उरलेल्या २१ राउंडमध्ये फायरबोल्टचे २३१, मिळून ४८३. खालच्या लेव्हलचे स्लॉट वापरून तो थोडा वर जाईल, पण फायटर आता कुठेही मागे नाही.

पात्रं तीच, आकडे तेच. बदलली ती फक्त दिवसाची लांबी.

तपासा: तीन सेशननंतर लढाईबाहेरच्या अडथळ्यांत फायटरचं नाव किती वेळा आलं? एकदाही नसेल तर पायरी ४ आणि ५ तुमच्यासाठी आहेत. लढाईतही तो मागे पडत असेल तर पायरी २ वर नीट वेळ द्या.

## २. दिवस लांबवा

२०१४ चं गेम मास्टरचं पुस्तक गृहीत धरतं की साधारण तयारीची टोळी (खेळाडूंची पात्रं) एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी झेलते आणि मध्ये साधारण दोनदा शॉर्ट रेस्ट घेते. विझार्डचे स्लॉट या हिशेबाने वाटलेले आहेत. प्रत्यक्षात अनेक टेबलांवर दिवसाला एक मोठी लढाई होते आणि मग सगळे झोपतात. विझार्डला तिजोरी राखून ठेवायचं कारणच उरत नाही.

हे असं करा:

१. पुढच्या साहसाचा एक दिवस कागदावर आखा. त्यात स्लॉट खर्च करायला लावणारे किमान पाच प्रसंग हवेत. पाचही लढाया नकोत. कोसळणारा घाट, पाठलाग, आग लागलेलं धान्याचं कोठार, यांतही स्लॉट जातात.

२. त्या दिवसाला एक मुदत द्या आणि ती खेळाडूंना आधीच सांगा. "उद्या सूर्योदयाला बळी दिला जाणार आहे." मुदत माहीत असली की झोपायचं की पुढे जायचं हा निर्णय त्यांचा होतो. तो चुकला तर रागही तुमच्यावर निघत नाही.

३. दोन शॉर्ट रेस्टच्या जागा तुम्हीच पेरून ठेवा. फायटरचा ॲक्शन सर्ज आणि सेकंड विंड (स्वतःची इजा भरून काढणं) शॉर्ट रेस्टवर परत येतात. मुदतीच्या धाकाने टोळी तासभरही थांबली नाही तर सगळ्यात जास्त मार फायटरलाच बसतो. मुदत लावताना ही चूक हटकून होते, म्हणून स्वतःहून सांगा: "इथे तासभर सुरक्षित बसता येईल, तेवढा वेळ हाताशी आहे."

४. कथा संथ असेल, आठवडाभराचा प्रवास आणि त्यात एखाद-दुसरी लढाई असा बाज असेल, तर रेस्टचं माप बदला. शॉर्ट रेस्ट ८ तासांची आणि लाँग रेस्ट (एरवी रात्रभराची झोप) ७ दिवसांची, हा पर्यायी नियम पुस्तकातच दिलेला आहे. '१३थ एज' ही सिस्टिम तर कॅलेंडरशी संबंधच ठेवत नाही. तिथे साधारण चार लढायांनंतर पूर्ण ताकद परत मिळते, मग मध्ये एक दिवस गेला असो की महिना.

सावधान: रेस्टचा नियम चालू साहसाच्या मध्येच बदलू नका. दोन साहसांच्या मधल्या फटीत, सगळ्यांशी बोलून बदला. विझार्डवाल्याने आठ तासांच्या झोपेचा हिशेब धरून स्पेल निवडलेले असतात.

सावधान: प्रत्येक मुक्कामावर रात्री हल्ला करणं हा उपाय नव्हे. तिसऱ्या खेपेला खेळाडू कंटाळतात आणि टायनी हट असेल तर हल्ल्याचा उपयोगही होत नाही. हटमधल्या टोळीला शत्रू सकाळपर्यंत घेराव घालतात, वाट अडवतात, मदत बोलावतात. रात्र सुखाची गेली तरी सकाळी परिस्थिती बदललेली असली पाहिजे.

तपासा: दिवसाची शेवटची चकमक सुरू होताना विझार्डला विचारा, किती स्लॉट उरले? एक तृतीयांशाहून जास्त असतील तर दिवस अजून आखूडच आहे.

## ३. जे नियम आहेत ते आधी पाळा

सगळ्यात जास्त तोल इथेच ढळतो, आणि नकळत ढळतो. जादूवरचे लगाम नियमांत आहेतच. खेळाच्या भरात आपण ते सोडून देतो. तलवारीचे नियम मात्र एकही चुकवत नाही.

कॉन्सन्ट्रेशन. काही स्पेल टिकवायला लक्ष त्यावरच ठेवावं लागतं. एका वेळी असा एकच स्पेल. डॅमेज बसलं की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, आणि त्याचा आकडा १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मा, यांतला जो मोठा तो. प्रत्येक फटक्याला वेगळा सेव्ह. कॉन्सन्ट्रेशन चालू असलेल्या पात्रासमोर रंगीत चकती ठेवा. ती दिसत राहिली की तुम्हालाही आठवण राहते आणि विझार्डलाही. उडणाऱ्या विझार्डला बाण लागला आणि सेव्ह चुकला, तर तो खाली पडतो.

आवाज. शब्दोच्चार लागणारा स्पेल कुजबुजत टाकता येत नाही. दरबारात सगळ्यांसमोर चार्म पर्सन टाकला तर सगळ्यांना ऐकू जाईल. शिवाय त्या स्पेलची मुदत संपल्यावर, आपल्यावर जादू झाली होती हे समोरच्याला कळतं. वर माझ्या वहीत जो सरदार आहे त्याला तासाभराने हे कळायला हवं होतं. मी विसरलो आणि विझार्डला फुकटात एक मित्र मिळाला.

नॉक. याचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. कुलूप उघडतं, पण सगळा वाडा जागा होतो. रोगने कुलूप उघडायची अवजारं चालवणं किंवा फायटरने बिजागरी उखडणं तुलनेने शांत असू शकतं. हा एक नियम पाळला तरी दोन पात्रांचं काम परत येतं.

मोकळा हात. हातवारे लागणाऱ्या स्पेलला एक हात मोकळा हवा. दोरीला लटकलेल्या किंवा हात बांधलेल्या विझार्डला हे आठवण करून द्या.

रिच्युअल. म्हणजे स्पेल विधीसारखा सावकाश टाकणं. स्लॉट वाचतो, पण दहा मिनिटं जास्त लागतात. दाराबाहेर पहारा फिरत असताना दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली.

फायरबॉल. कोपऱ्यापलीकडे पसरतो आणि कोणाच्या अंगावर वा हातात नसलेल्या जळाऊ वस्तू पेटवतो. ग्रंथालयात टाकला तर ग्रंथ जातात.

दुसऱ्या बाजूने फायटरच्या नियमांकडेही बघा. १८ स्ट्रेंथचं पात्र दहा फूट धाव घेऊन १८ फूट लांब उडी मारतं. फासा टाकायचा नाही, नुसती मारतं. तेवढीच स्ट्रेंथ २७० पौंड वजन उचलून चालते. तरीही पंधरा फुटांच्या खंदकापाशी किती गेम मास्टर "ॲथलेटिक्स टाक" म्हणतात! विझार्डचा मिस्टी स्टेप (क्षणात पलीकडे नेणारा स्पेल) फासा न टाकता चालतो आणि फायटरची हक्काची उडी फाशावर जाते.

तपासा: एका सेशनमध्ये फक्त एवढंच मोजा की किती स्पेल फासा न टाकता लागू झाले आणि फायटरला लढाईबाहेर किती फासे टाकायला लावले. दुसरा आकडा बघून मला स्वतःला धक्का बसला होता.

## ४. अडथळ्यांना एकच किल्ली ठेवू नका

दरी म्हटली की फ्लाय, अंधार म्हटला की लाइट. ज्या अडथळ्याचं उत्तर एका शब्दात येतं तो विझार्डसाठीच बनवलेला असतो. अडथळा आखताना त्यात यांपैकी किमान दोन गोष्टी घाला: तो बराच वेळ चालला पाहिजे, त्यात अनेक माणसं किंवा बरीच वस्तू हलवायची असली पाहिजे, आणि तो सुटत असताना कोणीतरी आड येत असलं पाहिजे. तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने टाकलेला फ्लाय एकालाच दहा मिनिटं उडवतो. वीस गावकऱ्यांना दरीपार न्यायचं असेल तर दोर, खांदे आणि हिंमत लागतेच.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण इथली घडण नुसत्या नियमाने समजत नाही. टोळी सातव्या लेव्हलची. भुयारात पाणी चढतंय. लोखंडी झडपेपलीकडे बारा कैदी अडकले आहेत. झडप उचलली तर एका राउंडला दोघं बाहेर सरकतील, म्हणजे सहा राउंड ती धरून ठेवायची. तिसऱ्या राउंडला मागून पहारेकरी येणार.

फायटरने स्ट्रेंथचा एक फासा टाकून झडप उचलली. पुढे प्रत्येक राउंडला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, आणि चुकला तर झडप पडणार नाही, पण पाच हिट पॉइंट (जिवाचे गुण) जातील, असं मी सांगितलं. विझार्डपुढे दोन वाटा होत्या. फायटरवर एनलार्ज (अंगाने मोठं करणारा स्पेल) टाकायचा, म्हणजे पुन्हा उचलायची वेळ आली तर फासा दोनदा टाकून चांगला आकडा घेता येईल. किंवा भुयाराच्या तोंडाशी वेब (जाळ्याचा स्पेल) टाकून पहारेकरी अडवायचे. दोन्हीला कॉन्सन्ट्रेशन लागतं, एकच निवडता येणार. विझार्ड खेळणारीने वेब निवडला. चौथ्या राउंडला एक पहारेकरी जाळ्यातून सुटला आणि थेट फायटरकडे आला. दोन्ही हात झडपेला. सोडून लढायचं की वार अंगावर घ्यायचा? फायटर खेळणारा खुर्चीतून उठून, हात डोक्यावर धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मारू दे त्याला. मी सोडत नाही." त्याच्यासमोर त्या दिवशी फाशांचा मनोरा नव्हता.

इथे जादूवर बंदी नव्हती. विझार्डचा स्पेल मोलाचाच होता, पण प्रसंगाचा मध्य फायटर होता. हा फरक लक्षात ठेवून अडथळे आखा.

लढाईच्या मैदानालाही हेच लागू. फायरबॉलचा व्यास ४० फूट. सगळे शत्रू एका खोलीत गोळा करून ठेवले तर तो तुमचाच दोष. शत्रू दोन दिशांनी आणा, काहींना विझार्डपर्यंत पोचू द्या, म्हणजे मध्ये उभं राहणाऱ्याची किंमत कळते. मुख्य शत्रूला लेजंडरी रेझिस्टन्स (चुकलेला सेव्ह जमला असं ठरवायची मुभा) असेल तर एका स्पेलने लढाई संपत नाही.

सावधान: जिथे तिथे जादू चालत नाही अशा जागा ठेवू नका. कॅम्पेनमध्ये एखादी ठीक. दर आठवड्याला ठेवली तर आता विझार्डवाला मनोरे रचायला लागेल.

## ५. फायटरला तलवारीपलीकडचं काही द्या

जादूची तलवार द्यायलाही हरकत नाही, पण ती फक्त आकडा वाढवणारी नको. काहीतरी करू देणारी हवी: भिंतीत रुतून पायरी होणारा भाला, बोलावताच हातात परत येणारी कुऱ्हाड, शपथ मोडणाऱ्याला ओळखणारं खड्ग. अशी वस्तू लढाईबाहेरही प्रश्न सोडवते.

त्याहून महत्त्वाची आहेत माणसं. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत फायटर नवव्या लेव्हलला गढी बांधू शकत असे आणि त्याच्याभोवती शिपाई जमत. नंतर हा भाग मागे पडला. तो परत आणा. नवव्या लेव्हलचा योद्धा म्हणजे ज्याचं नाव शिपायांनी ऐकलेलं आहे असा माणूस. किल्ल्याच्या दारावरचा नाईक त्याला ओळखतो. भाडोत्री सैनिकांचा म्होरक्या त्याच्याशी सरळ बोलतो. विझार्ड मन वळवण्यासाठी स्लॉट खर्च करतो. फायटर नुसता पुढे येऊन उभा राहतो आणि तुम्ही म्हणता, "तो तुला ओळखतो."

तिसरी गोष्ट फाशांची. फायटरवाला म्हणतो, "झुंबराला लोंबकळून गच्चीवर उडी मारतो आणि सरदारावर झेपावतो." यासाठी तीन वेगळे फासे मागितले आणि प्रत्येक यशाची शक्यता ६५ टक्के असली, तर तिन्ही जमण्याची शक्यता साधारण २७ टक्के उरते. दोन-तीनदा तोंडघशी पडल्यावर तो "मी मारतो" वर परत येतो. एकच फासा मागा. चुकला तर "काहीच झालं नाही" म्हणू नका. तो पोचतो, पण तलवार खाली पडलेली असते, असं काहीतरी ठेवा.

२०१४ चे नियम वापरत असाल तर २०२४ च्या फायटरमधल्या दोन गोष्टी थेट उचला. वेपन मास्टरीमुळे शस्त्रागणिक ढकलणं, पाडणं असे परिणाम मिळतात. टॅक्टिकल माइंडमुळे चुकलेल्या ॲबिलिटी चेकवर (अंगच्या क्षमतेच्या फाशावर) सेकंड विंडचा एक वापर देऊन १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) वाढवता येतो. दुसरी गोष्ट दिसायला छोटी आहे, पण फायटरला लढाईबाहेर काही करून बघायचं धैर्य तीच देते.

तपासा: फायटरवाल्याला एकट्याला विचारा, "पुढच्या सेशनला तुला काय करायचंय?" उत्तरात लढाई सोडून काही आलं तर पायरी लागू पडली.

## ६. एवढं करूनही उरलं तर स्पेल

आता तीन सेशन पुन्हा नोंद ठेवा. एकच स्पेल वारंवार वहीत दिसत असेल तर त्याच्यापुरतं बोला. सगळ्यांसमोर नाही, आधी विझार्डवाल्याशी. वही त्याला दाखवा. मी पाहिलंय, बहुतेक जण स्वतःच म्हणतात की त्यांनाही तेच तेच टाकून कंटाळा आलाय.

बदल एका वेळी एका स्पेलचा, तीन सेशनपुरता, आणि बदल्यात दुसरा स्पेल फुकट शिकू द्या. डॅमेज कमी करण्यापेक्षा मुदत किंवा पल्ला कमी करणं सोपं जातं. वापरायची वेळ ओढवली असताना नियम बदलणं मात्र कधीच नको. टेबलावरचा विश्वास गेला की तो कुठल्याच नियमाने परत येत नाही.

तेराव्या लेव्हलपासून विझार्डच्या हातात टेलिपोर्ट येतो, सतराव्यापासून विश (जवळपास हवं ते मागता येणारा स्पेल). तिथे वरच्या पायऱ्या कमी कमी पुरतात. कॅम्पेन अकराव्या-बाराव्या लेव्हलला पूर्ण करून नवं सुरू करणं हा चांगला पर्याय आहे. नव्याने सुरू करताना सिस्टिमही बदलता येते. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००८ मधल्या चौथ्या आवृत्तीने योद्धा आणि जादूगार दोघांनाही एकाच साच्याच्या शक्ती दिल्या, कायम वापरता येणाऱ्या, चकमकीला एकदा आणि दिवसाला एकदा. २०१९ च्या पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत फायटरचा वार बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा लागतो, आणि शत्रूला एका फटक्यात निकामी करणारे बरेच स्पेल वरच्या लेव्हलच्या शत्रूवर कमी चालतात. टेबलावर दोन्ही बाजूंची माणसं पटकन रमणारी असतील तर हे करून पाहा. तुमची टोळी सध्याच्या पात्रांवर जीव लावून बसली असेल तर सिस्टिम बदलू नका, पायरी ४ वर परत जा आणि पुढच्या साहसातला पहिला अडथळा फायटरला मध्ये ठेवून नव्याने आखा.